अकरा स्वच्छ पानं

७ फेब्रुवारी, सकाळ

प्रिय पिटुकले,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरी आहोत, तूही बरी असशील असं धरून चालतो. तुझ्या आईचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना नाही. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांचं उलट असतं. मी म्हटलं, "म्हणजे गुडघासुद्धा तिच्यावरच गेलाय." त्यावर तिने मला दोन दिवस चहा दिला, पण समोर बसली नाही.

माझं पत्र बघून तू दचकशील. चार वर्षं आईच्या खांद्यावरून फोनमध्ये "बरी आहे ना?" एवढंच ओरडणारा माणूस एकदम पानंच्या पानं लिहायला बसला, म्हणजे घरात काहीतरी झालं असणार. काही झालेलं नाही. मला स्वयंपाकाच्या पुस्तकांबद्दल लिहायचं आहे. निदान सुरुवात तिथून करतो.

त्याचं असं झालं. मंगळवारी ग्रंथालयातून बोलावणं आलं. त्यांचा पार्सलं तोलायचा काटा तीन ग्रॅमवर अडकून बसला होता. उघडून पाहिलं तर दांडी ज्या धारेवर टेकते तिथे एक मेलेली मुंगी. मुंगीचं वजन काहीच नाही, पण जागा मोक्याची. फुंकर मारली, झालं. कंपनीचा माणूस येऊन सबंध यंत्र बदला म्हणून सांगून गेला होता. तो कॉलेजात शिकलेला. मी नववीनंतर जे शिकलो ते काटे उघडून उघडून.

ग्रंथपालबाई खूश झाल्या. म्हणाल्या, "तुमचं माप इतकं पक्कं, तर माझाही एक निवाडा करून द्या." त्यांच्याकडे स्वयंपाकाची तीन पुस्तकं आहेत, तिन्हींसाठी लोक नंबर लावतात. दुसरी प्रत मात्र एकाचीच घेता येणार. कुणाची घ्यावी?

मी म्हटलं, "रजिस्टर बघा की. जास्त वेळा गेलं ते आवडतं."

"तिन्ही सारखीच जातात हो. पण नेणं वेगळं, आवडणं वेगळं. काही पुस्तकं लोक नेतात आणि इस्त्री मोडू न देता परत आणतात."

तिसरं पुस्तक तुझं होतं. मुखपृष्ठावर तुझं एकटीचं नाव, पुढेमागे कुणाचं नाही, त्यामुळे बाईंना कळायचं कारण नव्हतं. मीही सांगितलं नाही. तिन्ही पुस्तकं पिशवीत घालून चालत घरी आलो. धुकं होतं. रस्त्यातली माणसं आधी नुसते डगले वाटायची, जवळ आली की त्यांना चेहरे फुटायचे. पिशवी एका खांद्यावर सारखी ओढत होती. घरापुढच्या दुकानात तोलली तर तिन्ही मिळून तीन किलो नव्वद ग्रॅम.

पद्धत अशी ठरवली: तिन्ही पुस्तकांतून एकच पदार्थ करायचा, कांद्याचं सूप. तो तिन्हींत आहे. रोज एक. चव सांगायला तुझी आई. तिला कुठलं सूप कुठल्या पुस्तकातलं ते सांगायचं नाही.

पहिलं जाडजूड, दोन किलो एकशे चाळीस ग्रॅम. मोठ्या हॉटेलातल्या निवृत्त मुख्य आचाऱ्याने लिहिलेलं. गुळगुळीत कागद. फोटोंत प्रत्येक पदार्थ काळ्या कापडावर एकटा बसलेला, पासपोर्टसाठी फोटो काढायला आल्यासारखा. वजनं मात्र चोख आहेत, हे कबूल करतो. अकरा ठिकाणी तपासली, एकही खोट नाही. पण पिटुकले, सबंध पुस्तकात तेलाचा एक डाग नाही. डाग आहेत ते मुखपृष्ठावर, कपाच्या बुडाचे. म्हणजे हे पुस्तक लोक पलंगावर लोळत वाचतात, आपण एक दिवस असं काही करू म्हणून स्वप्नं बघतात आणि त्यावर कप ठेवून झोपी जातात. यात वाईट काही नाही. मीही अर्धा तास फोटो बघत बसलो होतो आणि मला कुठेतरी जाऊन आल्यासारखं वाटलं होतं. सुपाला एकोणीस जिन्नस लागले, त्यातले दोन मिळालेच नाहीत. तुझ्या आईने चार चमचे शांतपणे घेतले. म्हणाली, "छान आहे. पण हे कुणाच्या घरचं आहे?"

दुसरं बारीक, तारेच्या वेटोळ्यात बांधलेलं, तीनशे दहा ग्रॅम. कुणा शाळेतल्या बाईंचं, सगळं वीस मिनिटांत. अक्षर ठसठशीत, उघडं ठेवलं तर मिटत नाही, ओट्यावर ताठ उभं राहतं. ही अक्कल त्या हॉटेलवाल्याला सुचली नाही. डाग पानोपानी, सारखे वाटून दिल्यासारखे. पण त्यात लिहिलंय, कांदे पाच मिनिटांत तांबूस होतात. मी घड्याळ लावून उभा राहिलो. चौतीस मिनिटं. पाच मिनिटांत कांद्याला नुसता घाम फुटतो. तुझी आई म्हणाली, "भूक लागली असेल तर चालेल." मग माझ्या तोंडाकडे बघून, "आणि त्या बाईंना पत्र लिहायला बसू नका."

"चौतीस आणि पाच यात फरक आहे की नाही?"

"आहे. पण त्या बाईंच्या घरी चार पोरं वाट बघत असतील. तुमच्या घरी घड्याळ वाट बघतं."

तिसरं तुझं. सहाशे चाळीस ग्रॅम. शिवण सैल झालीय. टेबलावर ठेवलं तर आपोआप बेचाळिसाव्या पानावर उघडतं, कांद्याच्या सुपावर. ते पान लोण्याने इतकं पारदर्शक झालंय की मागच्या पानावरची अक्षरं उलटी दिसतात. कुणीतरी समासात लिहिलंय, "सासऱ्यांनी दोनदा मागून घेतलं."

तू लिहिलंयस: "कांदा परतताना घाई करू नका. मधूनमधून हलवा आणि खिडकीबाहेर बघा. वेळ झाली की तो हाक मारेल." मी वाचून वैतागलो. हाक कितव्या मिनिटाला मारेल, हे लिहायला काय हरकत होती? तरी पद्धत म्हणजे पद्धत. पुस्तकात सांगितलंय तर करायचं. उलथणं हातात धरून खिडकीबाहेर बघत उभा राहिलो. समोरच्या गच्चीवर एक चादर वाळत होती. वारा नव्हता, तरी ती अधूनमधून एका टोकाला उचलली जायची आणि पुन्हा टेकायची, झोपेत कूस बदलावी तशी. पारडं स्थिरावताना असंच करतं. मी बघत राहिलो. मग वास बदलला. आधी कांद्याचा होता, एकदम गोड झाला, कुणीतरी मागे येऊन उभं राहिल्यासारखा. मी वळलो. कांदा तांबूस झाला होता.

किती मिनिटं लागली ते सांगता येत नाही. घड्याळ बघायला विसरलो. मी.

तुझ्या आईने वाटी पुसून खाल्ली. मग म्हणाली, "हे तिचं." मी तिला कुठलं पुस्तक ते सांगितलं नव्हतं.

तेव्हा ग्रंथपालबाईंचा प्रश्न सुटला, असं तुला वाटेल. पुस्तक आवडतं कशाने होतं, हे मला त्या खिडकीपाशी कळलं. हॉटेलवाल्याला आपलं कसब दाखवायचं आहे, शाळेतल्या बाईंना आपल्याला लवकर मोकळं करायचं आहे. तुझं पुस्तक ओट्यापाशी माणसाबरोबर उभं राहतं. त्याला कंटाळा कुठे येणार, भीती कुठे वाटणार, हे त्याला माहीत असतं. म्हणून लोक त्याच्यावर बिनधास्त सांडतात.

फक्त एक गोष्ट. मी तुझं पुस्तक पानपान तपासलं. एकशे तेरा ते एकशे तेवीस ही अकरा पानं स्वच्छ आहेत. डाग नाही, कोपरा दुमडलेला नाही. पावांचं प्रकरण. एकशे चौदाव्या पानावर पेन्सिलीने, बारीक अक्षरात: "तीनदा केला. तीनदा दगड. बाकी पुस्तक सोनं आहे, मग हे असं का?"

दुकानात कुणीतरी आलंय. थांबतो.

९ फेब्रुवारी, दुपार

दुकानात कुणी आलं नव्हतं.

काल सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी बाजूच्याच खोलीत होतो. आईने ठेवला आणि सांगितलं, नवी आवृत्ती निघतेय, वीस तारखेला मजकूर छपाईला जाणार, आणि तू पावांचं सबंध प्रकरण काढून टाकतेयस.

"का?"

"म्हणते, पाव माझ्या हाताला कळत नाही. आता मूठ मोजते तर अठ्ठावन्नच्या आसपास भरते, आणि बाबांकडे पुडी भरून दिली त्या दिवशी अठ्ठ्याऐंशी भरली होती. एवढी तफावत, आणि भरताना मला कळलंसुद्धा नाही. असा हात काय कामाचा? मी आता हाताने काही मोजतच नाही."

मी विचारलं, "तिच्या खानावळीत पाव करतच असेल ना?"

"बाहेरून आणते. चार वर्षं झाली. तुम्हाला कुठे माहीत असणार."

खरं आहे, मला माहीत नव्हतं. पण का आणत असशील, हे मला माहीत होतं. ते या पत्रात लिहायचं परवापासून टाळतोय.

तू त्या दिवशी दुकानात आलीस ते आठवतं? बाहेर नुसता पांढरा उजेड होता, काचेतून येऊन काउंटरवर सांडलेला. प्रकाशक म्हणाले होते की पुस्तकात मूठ चालणार नाही, ग्रॅम द्या. तू बरण्या घेऊन आलीस आणि काउंटरवर एकेक मूठ काढून कागदी पुड्यांत बांधलीस. डाळ, तांदूळ, साखर, चिरलेला कांदा, पीठ. प्रत्येक पुडीवर नाव लिहिलंस. तुझ्या मुठीतून पीठ पुडीत पडताना धूर निघाल्यासारखं वर यायचं आणि उजेडात तरंगत राहायचं. मी काम सोडून ते बघत होतो, ते तुला दिसलं नसेल. मग तू म्हणालीस, "बाबा, बस चुकेल. तुम्ही निवांत मोजा आणि आकडे परस्पर छापखान्यात पाठवून द्या. तुमच्या काट्यावर माझा डोळे मिटून विश्वास आहे."

डाळ मोजली. तांदूळ, साखर, कांदा मोजला. पाच किलोचं वजन बाजूला सरकवताना कोपर लागलं आणि पिठाची पुडी खाली पडून फुटली. जमिनीवर तेल होतं, लोखंडाचा कीस होता. भरून घेण्यासारखं काही उरलं नाही.

तुला जाऊन पंधरा मिनिटं झाली होती. फोन काउंटरवरच होता, माझ्यापासून दीड हातावर. "पुडी सांडली, पुन्हा येशील तेव्हा एक मूठ भरून दे," एवढंच म्हणायचं होतं. पण चाळीस वर्षांत माझ्या दुकानात कुणाची वस्तू सांडली नव्हती. हे मी गिऱ्हाइकांना सांगत असे, तुलाही सांगत असे. मी फरशी पुसली, आत गेलो, पिठाच्या डब्यात हात घातला आणि माझी मूठ भरून आणली. मूठ ती मूठ, असं मनाशी म्हटलं. तीन वेळा तोलली. अठ्ठ्याऐंशी, साडेसत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. वळणदार अक्षरात अठ्ठ्याऐंशी लिहिले आणि सगळे आकडे छापखान्यात पाठवले. आयुष्यात इतक्या काळजीने मी दुसरी लबाडी केली नाही.

इतर पदार्थांत पीठ तू चमच्याने घेतेस, त्यामुळे ते तरले. पाव मेला. मग लोकांची पत्रं आली आणि तू फोनवर विचारलंस, "बाबा, पिठाची पुडी नीट मोजली होती ना?" मी म्हटलं, "तीन वेळा मोजली. आणि काटा माझा आहे." बघ, यातला एकही शब्द खोटा नाही. तू म्हणालीस, "मग माझीच मूठ चुकली असेल." मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. त्यानंतर तू मला कधी काही विचारलं नाहीस.

काल दुपारी मी तुझा पाव केला. आधी छापल्याप्रमाणे. पाच मुठी, म्हणजे चारशे चाळीस ग्रॅम पीठ, एक वाटी पाणी. मापाची वाटी सगळ्यांची सारखी, तिथे फसवायला जागा नाही. पीठ मळताना मनगटं भरून आली. भाजून निघाला तो मी काउंटरवर ठेवला, आवाज झाला. तुझी आई बाहेर आली. "हे काय, नवीन वजन आणलंत का?"

मी म्हटलं, "जरा हात धुऊन ये. पिठाच्या पाच मुठी भरून दे."

"मी कशाला?"

"तुझा हात तिच्यासारखा आहे."

तिने भरल्या. मी एकेक तोलली. सत्तावन्न, अठ्ठावन्न, अठ्ठावन्न, साडेअठ्ठावन्न, अठ्ठावन्न. एकूण दोनशे साडेएकोणनव्वद. ती काट्याकडे बघत होती. मग माझ्याकडे बघायला लागली.

"अहो, तिची पुडी तुम्ही मोजली होती ना?"

मी पीठ मळायला घेतलं.

"अहो."

मी सांगितलं. तिने ओरडावं असं मला वाटत होतं, ओरडली नाही. पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवून स्टुलावर बसली. म्हणाली, "चार वर्षं ती पोर स्वतःच्या हाताकडे चोराकडे बघावं तशी बघतेय. आणि तुम्ही रोज तिथे बसून लोकांचे काटे खरे करताय."

मी म्हटलं, "तू सांगशील तिला?"

"नाही. सांडलंय तुम्ही."

मळलेलं पीठ भांड्यात घालून, वर ओलं फडकं टाकून ते मी मोठ्या काट्याच्या पारड्यात ठेवलं आणि खुर्चीत बसलो. ते फुगत होतं आणि काटा हलत नव्हता. फुगलं तरी वजन तेवढंच राहतं. हे मला ठाऊक होतं, पण असं बसून कधी पाहिलं नव्हतं. ऊन काचेतून हळूहळू सरकत होतं. डोळा लागला असावा. दुकानात पीठ पडत होतं, आवाज न करता, छतातून. सगळ्या काट्यांची पारडी पांढरी झाली होती आणि सगळी एका रेषेत आली होती. तू सहा-सात वर्षांची, मोठ्या पारड्यात पाय सोडून बसली होतीस. "बाबा, मी किती झाले?" मी आकडा वाचायला गेलो, तर तबकडीवर पीठ. पुसलं की पुन्हा पडायचं. मी पुसतच राहिलो. तू मात्र पाय हलवत बसली होतीस, तुला आकड्याची काही घाई नव्हती.

जागा झालो तेव्हा फडकं भांड्याच्या वर आलं होतं. खालून कुणीतरी डोकं काढत असल्यासारखं.

पाव भाजला. तुझ्या आईने गरमच मोडला. आत जाळी पडली होती, वाफ आली. आम्ही दोघांनी उभ्याउभ्याच खाल्ला, लोणीसुद्धा लावलं नाही. ती रडत होती की वाफेने डोळे भरले होते, मी विचारलं नाही. पिटुकले, तुझा पाव बरोबर होता. पहिल्यापासून. त्या दिवशी तुझी मूठ एका ग्रॅमनेही चुकली नसणार.

ग्रंथपालबाईंना आज सकाळी सांगून आलो: दुसरी प्रत तिसऱ्या पुस्तकाची घ्या, पण नवी आवृत्ती येईपर्यंत थांबा. त्या म्हणाल्या, "का हो, जुनीत काय वाईट आहे?" मी म्हटलं, "जुनीत एक आकडा खोटा आहे. माझा आहे." त्यांना काही उमजलं नसावं, पण बोलताना माझी जीभ अडखळली नाही. तुझ्याशी बोलताना अडखळेल, म्हणून लिहितोय.

ते प्रकरण काढू नकोस. सोबत एक चिठ्ठी जोडली आहे, नव्या आवृत्तीत त्या प्रकरणाच्या सुरुवातीला छापण्यासाठी. मजकूर असा:

"आधीच्या आवृत्तीत पिठाची एक मूठ ८८ ग्रॅम छापली होती. ती मूठ लेखिकेची नव्हती. लेखिकेने भरून दिलेली पुडी तिच्या वडिलांच्या हातून सांडली. त्यांनी ते लपवलं आणि स्वतःची मूठ मोजून आकडा दिला. ज्यांचे पाव बिघडले त्यांनी दोष वडिलांना द्यावा. योग्य वजन: ........ ग्रॅम."

खाली माझी सही आहे, पूर्ण नाव, धंदा आणि दुकानाचा पत्ता. लोकांनी पत्रं लिहायची तर मला लिहावीत.

मागच्या वेळी आकडे परस्पर छापखान्यात गेले होते. या वेळी चिठ्ठी तुझ्याकडेच पाठवतोय. छापायची, फाडायची, की नुसती ठेवून द्यायची, ते तू ठरव. छापलीस तर रिकामी जागा तुलाच भरावी लागेल. अठ्ठावन्न लिहायला माझा हात शिवशिवत होता. फोनवर तूही आईला तेच सांगितलंस. पण मी ऐकलेला आकडा म्हणजे तुझी मूठ नव्हे, आणि आईची मूठ ती आईची. एकदा दुसऱ्याच्या हाताने तुझं माप लिहून झालंय. तू भर, तू तोल, तुझ्या अक्षरात लिही. काटा माझाच हवा असं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातला चालेल.

उत्तर आलं नाही तरी मी समजून घेईन. पाव मात्र पुस्तकात राहू दे.

तुझा हात खरा होता, हे लिहून देणारा,
बाबा